जा रे, चहा सांगून ये

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेला महिनाभर तुमच्या पेपरात रोज एक तरी फोटो असतोच, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, मागे बॅनर, मध्ये पुढारी आणि दोन्ही बाजूंना शाल गुंडाळलेली पोरं. जूनच्या उकाड्यात शाल! असो. फोटो छापू नका असं माझं म्हणणं नाही, आईबापाला आनंद होतो, कात्रण कपाटात जपून ठेवतात, आमच्याही घरी पुतणीचं आहे. पण परवा अशाच एका बातमीत वाचलं की अमुक मंडळाने 'समाजाचं ऋण फेडण्याच्या भावनेतून' हा सत्कार ठेवला, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, की ऋण म्हणजे नक्की कुणाचं, आणि ते शालीने फिटतं का. म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या, लांबलं तर कापा, कापाकापी हा माझाच धंदा होता.

मी टूलरूममधला माणूस, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात तिथला. मूळ बार्शीकडचा. 1984 ला फिटर ट्रेडमधून आयटीआय करून पिंपरी-चिंचवडला आलो, खोलीवर सहा जण, एक स्टोव्ह, आणि पहिली नोकरी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये. तिथे प्रेस टूल, म्हणजे प्रेस मशीनमध्ये पत्रा कापायचे साचे, बनायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्र्यातून साधा वॉशर कापायचा म्हटलं तरी खाली डाय लागतो आणि वर पंच, पंच डायमध्ये घुसतो आणि पत्रा कापला जातो. सोपं वाटतं ना? सगळी गंमत त्या दोघांमधल्या फटीत आहे, क्लिअरन्स म्हणतात तिला, पातळ पत्र्याला ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी लागते आणि ती सगळीकडून सारखीच पाहिजे. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी झाली की तुकड्याला बर, म्हणजे कडेला खरखरीत धार, येते, पंचाची धार जाते, कधी पंचच तुटतो आणि मग आठ दिवसांची मेहनत भंगारात.

तर तिथले उस्ताद, माणूस हाताने सोन्यासारखा. पण पंच आणि डाय एका रेषेत आणायची वेळ आली, म्हणजे जिथे खरं शिकायचं असतं नेमकी ती वेळ आली, की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "जा रे, चहा सांगून ये." मी जायचो. टपरी गेटच्या बाहेर, जाऊन येऊन पंधरा मिनिटं, परत येईपर्यंत डॉवेल, म्हणजे भाग जागेवर पक्के धरणाऱ्या पिना, ठोकून झालेले असायचे, बोल्ट टाइट आणि उस्ताद कापडाने हात पुसताना. पहिले काही महिने मला वाटायचं यांना चहाची फार तल्लफ आहे! एकदा मी म्हणालो, आज दुसऱ्याला पाठवा, तर नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि त्या दिवशी टूल जोडलंच नाही, उद्यावर ढकललं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अडीच वर्षं काढली मी तिथे, कानस घासायला शिकलो, ड्रिल मारायला शिकलो, पण टूल जोडायला काही शिकलो नाही.

आज त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती, प्रेसमध्ये गेलेली, शिक्षण चौथी, पेन्शन नाही, बँकेत काही असेल असं वाटत नाही. जे काही होतं ते त्या पंधरा मिनिटांत होतं, ते पोराला देऊन टाकलं तर मालक उद्या म्हणणार, पोरगं निम्म्या पगारात करतंय, तुम्ही घरी बसा. आपल्याकडे 'हातचं राखून शिकवणं' असा शब्दच आहे, तो काही उगाच आलेला नाही. वैद्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळीकडे हेच, मसाल्यातलं एक काहीतरी सांगायचंच नाही. लोक त्याला स्वभाव म्हणतात, मला तरी त्यात पोटाची भीतीच जास्त दिसते.

मग 1987 ला चिंचवडला एका मोठ्या टूलरूममध्ये लागलो आणि तिथे अण्णा भेटले. पलूसकडचे, किर्लोस्करवाडी त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत वाडीच्या गोष्टी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मास्तर, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे, मग बेळगावात सायकली विकल्या, आणि 1910 मध्ये औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगरांचा. रात्रीच्या राखणीला माणसं कुठली ठेवली, तर शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर! अण्णा ही गोष्ट शंभर वेळा सांगायचे आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, "लेका, त्यांनी दरोडेखोराला किल्ल्या दिल्या, मी तुला कागद देतोय." हे कागदाचं काय ते आता सांगतो.

पहिल्याच आठवड्यात टूल जोडायची वेळ आली आणि मी सवयीने उठलो, म्हटलं चहा सांगून येतो. अण्णा म्हणाले, "बस खाली. चहा कुठं पळून जातोय." मग बाकावर पडलेला जुना पेपर घेतला, कोपरा टरकावला आणि माझ्या हातात दिला. पंच हळूच खाली आणायचा, डायवर हा कागद ठेवायचा आणि हाताने दाबून कापायचा. कागद बघ म्हणाले. बघितला, तर गोलाची एक बाजू ब्लेडने कापल्यासारखी स्वच्छ आणि समोरच्या बाजूला कागद कापला न जाता दुमडून फाटलेला, तिथे दोरे निघाल्यासारखे. "कुठल्या बाजूला फट जास्त आहे?" मी म्हणालो, फाटलाय तिकडे. "मग पंच कुठं सरकवायचा?" तिकडेच. "मग सरकव की, माझ्या तोंडाकडं काय बघतोस." तांब्याच्या हातोडीने एकदम हलकं टक, परत कागद, परत टक, परत कागद. अकरा तुकडे झाले. बारावा तुकडा पूर्ण गोल, चारी बाजूंनी सारखा निघाला आणि मी तो खिशात ठेवून खोलीवर घेऊन गेलो. अडीच वर्षं चहाच्या फेऱ्या मारून जे कळलं नव्हतं ते रद्दीच्या कागदात अर्ध्या तासात कळलं.

अण्णांनी काही जगावेगळं केलं असं नाही, त्यांनी फक्त मला तिथे बसू दिलं आणि चुकू दिलं, ते टूल मी बिघडवलं असतं तर बोलणी त्यांनाच बसणार होती.

आता जरा नको असलेली गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हे पत्र लिहिलं तर मी लबाड ठरेन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे मंदीचे दिवस होते, व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, कागद फिरत होते, रोज कुणीतरी डबा घेऊन शेवटचं बाहेर पडायचं. माझ्या हाताखाली एक कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा दिला होता, विदर्भातला, हुशार, डोळ्याने उचलायचा. माझी दोन लहान पोरं, फ्लॅटचं कर्ज नुकतंच घेतलेलं. आणि एक दिवस टूल जोडायच्या वेळेला मी त्याला म्हणालो, जा रे, चहा सांगून ये. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं मी काय बोललो, पण परत बोलावलं नाही. नंतर तर सवयच झाली. आठ महिन्यांनी तो पोरगा सोडून गेला, जाताना पाया पडला माझ्या! आज त्याचं आडनावही आठवत नाही, बायकोला हे सांगितलं तर म्हणाली एवढं काय मनाला लावून घेता, पण ते आडनाव न आठवणं मला जास्त लागतं.

म्हणून सत्काराच्या बातमीत 'ऋण' शब्द आला की मला अण्णांच्या आधी तो मुलगा आठवतो. अण्णांना मी काय परत देणार, ते 2009 ला गेले, आणि जिवंत असते तरी काही घेतलं नसतं, दिवाळीला मिठाईचा पुडा नेला तर निम्मा परत पाठवायचे.

2022 ला रिटायर झालो. पहिले चार महिने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग मिक्सर उघडला, मग शेजारच्यांचा मिक्सर उघडला, तेव्हा बायको म्हणाली आता माणसं उघडायच्या आत बाहेर काहीतरी बघा. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा आयटीआयला फिटरलाच आहे. एकदा पार्किंगमध्ये हातात जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) घेऊन बसला होता, स्क्वेअर फिटिंगचा, म्हणजे एका पट्टीत चौकोनी खाच आणि दुसरीला तसाच चौकोन, तो खाचेत सगळीकडून घट्ट बसला पाहिजे. याचा खडखडत होता. सगळे व्हिडिओ बघून झाले होते त्याचे, तोंडपाठ सांगत होता कानस कशी धरायची, पण माझ्यासमोर चालवली तेव्हा दिसलं की पुढे जाताना उजवं कोपर खाली जातंय आणि मागे येताना वर, कानस झोक्यासारखी चाललीय, म्हणजे पृष्ठभाग सपाट होणारच नाही, मध्ये फुगीर राहणार. ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडासमोर धरला, दोन्ही कडांनी उजेड दिसत होता. "काका, हे कुणी सांगितलंच नाही." कोण सांगणार? व्हिडिओ शिकवतो सगळं, चांगलं शिकवतो, मीही बघतो, पण व्हिडिओला तुझं कोपर दिसत नाही. त्याच्या मागे उभं राहून कोपराखाली हात धरला आणि पन्नास स्ट्रोक मोजून मारायला लावले, पुढे जाताना दाब, मागे येताना सोड, कानशीला खडू लावून घे म्हणजे कीस दातात अडकत नाही. तिसऱ्या दिवशी चौकोन खाचेत बसला आणि उलटा धरला तरी पडला नाही.

मग वाटलं हे पार्किंगमध्ये एकासाठी कशाला, जवळच्या संस्थेत जाऊन विचारावं, शनिवारी दोन तास देतो, फुकट. कुठली संस्था ते लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे अशा माणसासाठी फॉर्मच नाही! देणगी द्यायची तर पावतीपुस्तक आहे, कंपनीने मशीन दिलं तर उद्घाटन आहे, पण एखादा म्हातारा येऊन म्हणाला की मी पोरांसोबत उभा राहतो तर त्याला कुठल्या रजिस्टरात लिहायचं हे कुणालाच माहीत नाही. अर्ज दिला, मग अनुभवाचा दाखला आणा, मग मेडिकल आणा, मग साहेब ट्रेनिंगला गेलेत. पाच महिने गेले. शेवटी तिथे शिकवणाऱ्या एका निदेशकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आत घेतलं, त्या माणसाचे उपकार आहेत, एका बॅचला एकटे पुरे पडत नाहीत हे त्यांनी कबूल केलं, हे कबूल करायलाही धैर्य लागतं.

पैसा कमी आहे असं मला वाटत नाही. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, 2013 च्या कंपनी कायद्यातच आहे ते. सरकारने 2024 ला युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तेव्हा आयटीआय झालेल्याला महिना 8 हजार आणि सहा महिने काम शिकायचं, असं होतं. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही, पण माझ्या ओळखीच्या दोन पोरांना सहा महिने काय शिकलात विचारलं तर एक म्हणाला झेरॉक्स आणि दुसरा नुसता हसला. पैसे खात्यावर आले, शेजारी बसणारं कुणी आलं नाही. आणि अप्रेंटिसचा कायदा तर 1961 पासून आहे, त्यात भत्त्याचा आकडा लिहिता येतो, पण टूल जोडताना त्या पोराला चहा आणायला पाठवू नये असं कलम कुठून घालणार.

माझ्या युनियनमधल्या मित्राला हे बोललो, तो आंबेडकर जयंतीला दरवर्षी भाषण करतो, त्याने मला सत्काराचीच एक गोष्ट सांगितली. 1907 ला भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हाही सत्कार झाला होता, आणि त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धांचं चरित्र भेट दिलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या आधीचं बघा म्हणाला. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये मास्तर, संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसायचे, तिथे हा मुलगा एकटा वाचत बसलेला दिसायचा, त्यांनी त्याची चौकशी केली, मग त्याला पुस्तकं देत गेले, काय वाचावं ते सांगत गेले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळवून द्यायलाही केळुसकरच धावले, आणि 1913 ला बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजांच्याच स्कॉलरशिपवर. म्हणजे सत्कार एका संध्याकाळचा, पण बागेतलं बाकडं रोजचं होतं. सचिन तेंडुलकरचे गुरू आचरेकर सर, त्यांचंही तेच, स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं सगळ्यांना पाठ आहे, पण सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर मॅच खेळायला न्यायचे ते कितीजण सांगतात? पेट्रोल पण त्यांचंच असणार.

माझ्या हातून कुणी सचिन घडतोय असा गैरसमज नको. तीन वर्षांत शनिवारची पोरं येतात-जातात. एकाने माझा व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, नेला तो नेलाच, चांगला जपानी होता, अजून जीव हळहळतो. दोन हुशार पोरं डिलिव्हरीच्या कामाला लागली, म्हणतात काका, शॉपमध्ये हेल्परला जेवढे देतात त्यापेक्षा जास्त मोटरसायकलवर सुटतात, आणि घरी आज पैसे लागतात. त्यांना मी काय सांगू? संयम ठेव म्हणू? मी गप्प बसतो आणि हेल्मेट घाल म्हणतो.

आणि पोरंही मला शिकवतात बरं का. मी हाताने काम करणारा माणूस, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आमच्याकडे आली तेव्हा मी तिच्यापासून लांबच राहिलो, खरं सांगायचं तर घाबरलो. एक मुलगी आहे टूल अँड डाय मेकरच्या बॅचला, बॅचमध्ये मुली दोनच, ती मला प्रोग्राम वाचायला शिकवते. जी झिरो वन म्हणजे सरळ कटिंग, जी झिरो टू म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गोल. मी तीनदा उलटं सांगितलं तर म्हणाली, "काका, घड्याळ बघा ना हातातलं, पाठ कशाला करताय." मी हसलो. अण्णा असते तर हेच म्हणाले असते, फक्त पुढे एक शिवी असती.

आता माझं तुमच्याकडे मागणं काय, ते लिहितो. या शहरात माझ्यासारखी हजारो माणसं रिटायर होऊन बागेत गोल फेऱ्या मारतायत, टर्नर, मोल्डर, वेल्डर, स्टोअरकीपर, नर्स, बँकेतले हेडकॅशिअर, ज्यांच्या डोक्यात तीस-पस्तीस वर्षांचं साठलंय आणि ते विचारायला कुणी नाही. तुम्ही आठवड्यातून एक सत्काराचा फोटो कमी करा आणि त्या जागेत चार ओळी छापा, कुणाला काय शिकवता येतं, कुठला वार, किती वाजता. बस. कुणाचा फोटो नको, 'ज्येष्ठ मार्गदर्शक' वगैरे काही नको, मार्गदर्शन म्हटलं की माणूस माईक शोधायला लागतो. शाळेतल्या मास्तरांना, दवाखान्यातल्या सिस्टरना, कुणालाही विचारा, एका पोराला एक तास मागितला तर नाही म्हणणारे कमी निघतील. आणि आयटीआयच्या साहेब लोकांना माझी विनंती, तेवढा एक फॉर्म बनवा, एकच पान.

जाता जाता एक सांगतो. गेल्या शनिवारी त्याच मुलीने पहिलं टूल जोडलं. छोटंच, वीस मिलिमीटरचं. मी बाजूला स्टुलावर बसलो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण हात आपोआप पुढे जातात हो, सवय जात नाही. तिला कागद पाहिजे होता तर माझ्या पिशवीत तुमचा त्या दिवशीचा पेपर होता, तो दिला. नऊ तुकडे फाटके निघाले, निदेशक साहेब एकदा येऊन घड्याळाकडे बघून गेले. दहाव्याला टिचकी मारल्यासारखा आवाज आला आणि गोल खाली पडला, कडा एकदम स्वच्छ. तिने उचलून मला दाखवला. सत्काराच्याच फोटोतला होता, अर्धा हार आणि कुणाचा तरी कान. मी म्हटलं ठेव तुझ्याकडे. ती म्हणाली, "काका, चहा आणू का?" म्हटलं आज मी आणतो, तू दुसऱ्या बाजूचा पंच लाव.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड